पिनांगला दोनदा उतरले

विजय नगर, जबलपूर
३ फेब्रुवारी

सुनू,

स्वप्निल तुला घेऊन सिंगापूरला पोहोचला असा त्याचा मेसेज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. आता उद्या जहाज! गन कॅरेज फॅक्टरीतल्या फिटरची धाकटी पोरगी जहाजात बसणार, आणि थोरली इथे दिवाणावर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून तिला पत्र लिहून राहिली.

पत्र काहून, फोन काहून नाही, असं विचारू नको. जहाजावरून बोलायचं नेट फार महाग, स्वप्निलने फक्त मेसेजवालं घेतलं आहे. आणि फोनवर बोटाने मराठी लिहायला मला सात जन्म लागतील. म्हणून कागदावर लिहायचं, फोटो काढायचा, पाठवून द्यायचा. तूही तसंच कर. अक्षर नीट काढ.

रडणं थांबलं का? निघताना किती रडलीस! खालची विनता धावत वर आली, तिला वाटलं माझंच काही बरंवाईट झालं. अगं, घोटा मोडला आहे, मी नाही मोडले. बाथरूममध्ये पाय घसरला तो माझा. स्वप्निलने माझ्या सत्तरीला दोन्ही आत्यांना समुद्र दाखवायचं ठरवलं, तर एकीने तरी बघितलाच पाहिजे ना?

आता ऐक. जहाज दोन बेटांवर थांबणार. सहाला फुकेत, सातला पिनांग. दोन्हीकडे उतरायचं. एकटीने उतरायचं. पिनांगचे मी चाळीस व्हिडिओ पाहिले आहेत, मला तोंडपाठ आहे. जहाज गावालाच लागतं. बाहेर पडलं की घड्याळाचा टॉवर, किल्ला, आणि चार पावलांवर आपल्या मद्रासी लोकांचा बाजार. हरवायला जागाच नाही.

त्रेसष्टची झालीस आणि एकटीने सिविक सेंटरच्या पुढे कधी गेली नाहीस. रेल्वेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं नोकरी केलीस, तीही माझ्या स्कूटरच्या मागे बसून. आता पुरे. या वेळी स्कूटर नाही. चलो, उतर आणि मला सगळं लिही.

इकडे मी मजेत आहे. विनता डबा देते, मी राणीसारखी बसून खाते.

बेबीताई


जहाजावरून
५ फेब्रुवारी

ती. बेबीताई,

दुपारची गोळी घेतलीस का? नसेल तर आधी घे, मग पुढे वाच.

ताई, हे जहाज नाही गं, अख्खं विजय नगर उचलून पाण्यावर ठेवलं आहे! अकरा मजले, लिफ्टा, दुकानं, सिनेमा. वर पोहायचा तलाव आहे. चहूकडे समुद्र आणि लोक तलावात पोहून राहिले, मला इतकं हसू आलं! जेवायला इतके पदार्थ की मी नुसतं ताट घेऊन तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी दहीभात घेतला. एक आंब्याची खीर होती, ती मात्र दोनदा घेतली. कोणी बघत नव्हतं.

प्रत्येकाला फोटोचं कार्ड मिळालं आहे. बाहेर जाताना आणि आत येताना ते मशीनला टेकवायचं, टिंग वाजतं. बाबा फॅक्टरीच्या गेटावर बिल्ला लावायचे ना, अगदी तसंच. कोण आत, कोण बाहेर, सगळं त्यांना कळतं.

खोलीत दोन पलंग आहेत. तुझा पलंग फार रिकामा दिसत होता म्हणून त्यावर माझ्या साड्या पसरून ठेवल्या. इथे सगळे जोडीजोडीने आलेले आहेत. असू दे.

सकाळी साडेसात वाजता मी वर जाऊन उभी राहिले. नुसतं पाणी, ताई! सगळीकडे पाणी! नर्मदेचा पलीकडचा काठ दिसतो, याला काठच नाही. मी मोठ्याने 'अगं बाई!' म्हटलं आणि एका गोऱ्या माणसाने मला गुड मॉर्निंग केलं.

उद्या फुकेत. उतरणार आहे. घाबरलेली नाही.

तुझी सुनू


फुकेत
६ फेब्रुवारी

ती. ताई,

उतरले. इथे जहाज समुद्रातच उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. पांढरीशुभ्र वाळू, निळंशार पाणी आणि माडांची रांग आहे. निसर्गरम्य परिसर पाहून मन प्रसन्न झालं. बाजारही पाहिला. लोक फार प्रेमळ आहेत. तीन वाजता परत जहाजावर आले. तू असतीस तर अजून मजा आली असती. थकले आहे, झोपते.

तुझी सुनू


विजय नगर
६ फेब्रुवारी

सुनेत्रा,

सुनू नाही, सुनेत्रा. यावरून काय ते समजून जा.

तीन वाजता परत आलीस म्हणतेस. तुझं पत्र माझ्या फोनवर आलं सकाळी नऊ चाळीसला. त्यात अडीच तास मिळव. जहाजाच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. मी चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, आणि तू मला चकवायला निघालीस? तीन वाजता झालेली गोष्ट बारा वाजता कळवणारी तू जगातली पहिलीच बाई!

आणि बाजार पाहिलास म्हणे. तू? बाजार? आणि एकाही वस्तूचा भाव लिहिला नाहीस? तीस वर्षांपूर्वी इथल्या गोरखपूर बाजारात घेतलेल्या स्टीलच्या डब्याचा भाव तुला आजही पाठ आहे. 'निसर्गरम्य परिसर' म्हणे. पाचवीच्या पोरांच्या निबंधात मी हे वाक्य लाल पेनाने कापायची.

खोलीत बसून होतीस ना दिवसभर?

आता राग बाजूला ठेवते आणि एकदाच लिहिते, परत नाही लिहिणार. मी सत्तरची झाले. तू माझ्याहून सात वर्षांनी लहान. गणित सोपं आहे, आधी मी जाणार. मग तू काय करशील? बँकेत मी जाते, दूधवाल्याशी मी भांडते, डॉक्टरशी मी बोलते. दारावर कोणी आलं की तू 'ताई' म्हणून आत हाक मारतेस. दोष तुझा नाही, माझा आहे. आईने जाताना 'सुनूला सांभाळ' म्हटलं आणि मी असं सांभाळलं की तुला पायावर उभंच राहू दिलं नाही. या विचाराने माझी झोप उडते, सुनू. घोटा मोडला तेव्हा बाथरूममध्ये पडल्या पडल्या मला आधी हेच आठवलं.

म्हणून म्हणते, उद्या उतर. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी उतर. कार्ड टेकव, टिंग वाजू दे, बाहेर पड.

इकडची काळजी करू नको. रेडिओ दिवसभर लावून ठेवते, घर भरल्यासारखं वाटतं.

बेबीताई


पिनांग
७ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई, ताई, ताई!

जहाज आत्ताच सुटलं. मी वर डेकवर वाऱ्यात बसून लिहून राहिले. अक्षर बघू नको.

आधी कालचं. खोटं लिहिलं, चुकले. ते सगळं मी माहितीपत्रकातून उतरवलं. पण मी खाली गेले होते गं, खरंच. टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन रांगेत उभी होते. दारावरच्या माणसाने विचारलं, "हाउ मेनी, मॅडम?" आणि माझ्या तोंडून निघालं, "टू." कंडक्टरला दोन, नाटकाला दोन, डोशाला दोन, जन्मभर हेच म्हणत आले ना मी! तो माझ्या मागे बघायला लागला, दुसरी बाई कुठे आहे म्हणून. मीही मागे पाहिलं, ताई. सॉरी म्हटलं, खोलीत आले आणि तुझ्या पलंगावर बसून रडले.

तुझं पत्र वाचून तर अजून रडले. पण सकाळी उठले ती चिडूनच उठले. म्हटलं, ताई समजते काय मला!

दहा वाजता कार्ड टेकवलं. टिंग! आणि मी बाहेर. एकदम गरम वाफ तोंडावर आली. समोर तुझा घड्याळाचा टॉवर. मी ठरवलं, शंभर पावलं जायचं आणि परत फिरायचं. शंभर मोजली. काही झालं नाही. अजून शंभर मोजली. तिसऱ्या शंभराला मोजायचं विसरूनच गेले, कारण रस्ताभर लाल कंदील टांगले होते, चिनी लोकांचं नवं वर्ष नुकतंच झालं आहे. आणि कोपऱ्यावर वळले तर काय? कापूर, अगरबत्ती, मोगऱ्याचे गजरे! तमिळ गाणी कान फाडून वाजत होती. तीनचार दिवसांवर मुरुगनचा उत्सव आहे, दुकानांसमोर नारळांचे ढीग लागले होते. एका बाईने मला तमिळमध्ये काहीतरी विचारलं, मी हिंदीत उत्तर दिलं, दोघी हसलो आणि काम झालं.

भाव लिहिते, नाहीतर पुन्हा लाल पेन काढशील. केळी पाच रिंगिट किलो. म्हणजे शंभर रुपये! मी त्याला तोंडावर म्हटलं, "भैया, लूट है." त्याला काही कळलं नाही. गजरा तीन रिंगिट. घेतला. डोक्यात घातला. एकटीने!

तिथून एका बोळात शिरले. एक चिनी आजी छोट्या दुकानासमोर काचेच्या बरण्या मांडून बसली होती. मी बोटाने एक सरबत मागितलं, पाच रिंगिट दिले, घोट घेतला, आणि ताई, जायफळ! श्रीखंडातलं, पुरणातलं आपलं जायफळ! सरबतात! मी "जायफळ, जायफळ" ओरडायला लागले. आजी हसायला लागली. तिने टोपलीतून एक पिवळं फळ काढलं, छोट्या पेरूएवढं, आणि बोटाने सांगितलं, थांब, दाखवते. सुरी घेतली, फळावर ठेवली, अर्धी आत घातली...

आणि भोंगा झाला.

ताई, तुला काय सांगू? आपण फॅक्टरीच्या क्वार्टरमधल्या पोरी. पहिल्या भोंग्याला बाबांच्या पायात जोडे, दुसऱ्याला ते गेटाच्या आत. उशीर झाला की गेट बंद. तो आवाज कानावर पडला आणि मी धावले नाही, माझे पायच धावायला लागले! आजीला टा टा नाही, काही नाही. चपला हातात घेतल्या. गजरा सुटून कुठे पडला कोण जाणे. माणसं बाजूला होऊन राहिली, सायकलरिक्षावाले घंटी वाजवून राहिले, एक कुत्रं तर अर्ध्या रस्त्यापर्यंत माझ्यासोबत धावलं. मनात एकच, जहाज सुटलं, मी इथेच राहिले, आता ताईला काय सांगू?

धापा टाकत गेटाशी पोहोचले. आपलं जहाज जागच्या जागी उभं! दुसरंच एक सुटून राहिलं होतं, भोंगा त्याचा. माझ्या हातातल्या चपला बघून गेटावरचा माणूस म्हणाला, "फोर ओ'क्लॉक, आंटी, फोर ओ'क्लॉक!" मी घड्याळ पाहिलं. अकरा वीस.

मग मी तिथे कठड्याला टेकून उभी राहिले. समोर जहाजाचा जिना. कार्ड हातात. म्हटलं, झालं ना? उतरले, बाजार पाहिला, भाव विचारले, ताईला खरं पत्र लिहिता येईल. आत जावं, पंख्याखाली बसावं. कोण काय म्हणणार होतं?

पण ताई, त्या फळात आत काय होतं?

डोक्यात तेवढंच. त्या आजीने सुरी अर्धीच घातली होती. मला ते बघायचं होतं. तुला सांगायला नाही गं, मलाच बघायचं होतं. मी चपला पायात घातल्या आणि मागे वळले. गेटावरचा माणूस म्हणाला, "गोइंग बॅक, आंटी? अलोन?"

मी म्हटलं, "येस. वन."

सकाळी तुझ्या धाकाने उतरले होते. या वेळी माझी मी उतरले.

आणि मग हरवले! हो, सरळ हरवले. बोळ सापडेना. चालता चालता भलतीकडेच निघाले, तिथे समुद्रात लाकडी खांबांवर घरंच घरं बांधलेली, खाली पाणी आणि वर लोक राहून राहिले, कपडे वाळून राहिले. मी फळ्यांवरून टोकापर्यंत गेले. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही, उलट मजा वाटली. परत आले, तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. शेवटी वासावरून शोधला तो बोळ, खरं सांगते.

आजी तिथेच होती. फळही तिथेच, सुरी घातलेलं, तसंच्या तसं. मला बघून तिने टाळी वाजवली आणि सुरी पूर्ण फिरवली.

ताई, आत लालभडक जाळी! जायपत्री! आणि जाळीच्या आत कवच, आणि कवचात जायफळ. आपण जन्मभर जायफळ एका डबीत ठेवलं, जायपत्री दुसऱ्या डबीत. एकाच फळातल्या आहेत गं त्या, एक दुसरीला गच्च धरून बसलेली! आजीने नखाने हलकेच जाळी सोडवली, काही तुटलं नाही. दोन्ही माझ्या हातावर ठेवल्या. मी इतकी ओरडले की शेजारचा दुकानदार बघायला आला.

तीन वाजेपर्यंत तिथेच बसले. तिला मराठी येत नाही, मला चिनी येत नाही, तरी आम्ही किती बोललो! साडेतीनला शहाण्यासारखी जहाजावर आले. टिंग.

तुझी सुनू


विजय नगर
७ फेब्रुवारी

सुनू, माझी सुनू!

पत्र चारदा वाचलं. विनताला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. भोंग्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या प्लास्टरमध्ये कळ आली. 'येस, वन' वाचलं आणि मग मला पुढे वाचताच येईना. विनताने वाचलं.

शाबास. शंभरपैकी शंभर. चौतीस वर्षांत मी कोणाला दिले नव्हते.

आता माझंही एक ऐक. डॉक्टरने मना केलं म्हणून मी आले नाही, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं. चाकाच्या खुर्चीवरून नेता येईल असं जहाजवाल्यांनी स्वप्निलला कळवलं होतं. मीच नाही म्हटलं, आणि त्याला गप्प बसवलं. मी आले असते तर तू खुर्ची ढकलत माझ्या मागे राहिली असतीस आणि भाव मीच विचारले असते. म्हणून राहिले मी घरी. रागाव हवं तर.

बस, आता मी निश्चिंत झाले. लवकर ये. अकराला घरी येशील ना? विनताचा डबा चांगला असतो, पण तो शेवटी डबाच. आलीस की हिंग-जिऱ्याची फोडणी घालून वरण कर.

बेबीताई


सिंगापूर
९ फेब्रुवारी

ती. ताई,

रागावले. चांगली तासभर रागावले. मग विचार केला, खुर्ची ढकलत मी त्या फळ्यांवरून टोकापर्यंत गेले नसते. मग राग गेला. पण परत असं करू नको.

आता एक सांगायचं आहे. स्वप्निल म्हणाला, आत्या, अजून दहा दिवस राहा, इतकं काय आहे जबलपूरला? 'बेबीताईला विचारते' हे अगदी ओठावर आलं होतं. बाहेर नाही पडलं. 'राहते' म्हटलं.

म्हणून हे पत्र विचारायला नाही, सांगायला आहे. अकराला येत नाही, वीसला येते. स्वप्निल ऑफिसला गेला की मी बसने फिरेन. आज मोठ्या बागेत गेले, एक बस चुकीची पकडली, दुसरीने परत आले. येताना तो सोबत येणार होता, त्याला नको म्हटलं. मुंबईत विमान मला बदलता येईल. डुमना विमानतळावर दुपारी अडीचला उतरेन.

ताई, फार आनंदात आहे गं मी. तू रागावशील का?

तुझी सुनू


विजय नगर
१० फेब्रुवारी

सुनू,

रागावले. खोटं काहून बोलू? पत्र वाचलं, फोन उलटा ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. बोलायला तरी होतं कोण?

मग बसून विचार केला. मी गेल्यावर तुझं कसं होईल, याचा मी वीस वर्षं घोर केला. तू नसलीस तर माझं कसं होईल, हे एकदाही मनात आलं नाही. या आठ दिवसांत कळलं. घर खायला उठतं, सुनू. सकाळी चहा दोन कप टाकते आणि एक ओतून देते. आख्ख्या कॉलनीला अक्कल शिकवणारी मी, आणि मला साधा कुकर लावता येत नाही! चाळीस वर्षं तू लावलास, मी भाव केले. आणि खुर्चीचं तुला लिहिलं तेही अर्धंच खरं होतं. तू मला ढकलत नेशील, मी तुझ्या हातात असेन, याची मला भीती वाटली.

आज विनताला डबा नको म्हणून सांगितलं. वॉकर धरून स्वयंपाकघरात गेले. डाळ लावली. शिट्ट्या मोजल्या, पण गॅस बंद करायला हात पुढे होईना, कुकर अंगावर येईल असं वाटत राहिलं. अकराव्या शिट्टीला बंद केला. डाळीचं पाणी झालं होतं. फोडणी जळली. ताटभर खाल्लं. चांगलं होतं. नाही, वाईट होतं, पण मी केलं होतं.

उद्या पुन्हा लावणार आहे. तू दहा दिवस राहा. खूप फीर. चुकीच्या बसमध्ये बस.

वीसला डुमनाला मी येईन घ्यायला. ऑटोवाल्याशी मी बोलले आहे, वॉकर आत मावतो, पाहून घेतलं. विनता म्हणाली, "मावशी, मी येते सोबत." मी म्हटलं, नको बेटा, मी एकटी जाते.

तुझं विमान वेळेवर आलं पाहिजे, एवढं मात्र बघ. अर्धा तास जरी उशीर झाला, तरी मी तिथेच, सगळ्या लोकांसमोर रडेन.

तुझी
बेबी